एकच तार, दोन वेग

बीदर जिल्ह्यातील कमलनगर हे महाराष्ट्राच्या सीमेवरचे गाव. विकाराबादहून परळीकडे जाणारी आगगाडी या गावावरून जाते, आणि थोड्याच वेळात सीमा ओलांडून उदगीरला पोहोचते. १९५६ पर्यंत ही दोन्ही गावे एकाच हैदराबाद राज्यात होती. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत एक म्हैसूर राज्यात गेले, दुसरे मुंबई राज्यात. गाडीचे रूळ मात्र जेथे होते तेथेच राहिले. आज रुळांबरोबर काचेच्या तारांचे जाळेही या मुलखात पसरले आहे, आणि त्यातून प्रकाशाच्या रूपाने पत्रे, चित्रे, पाठ, जमाखर्च असे सारे काही ये-जा करीत असते.

अशा गावातील एका गल्लीत दोन शेजारी घरे आहेत असे समजू. दोन्ही घरांत एकाच खांबावरून, एकाच जातीची, केसाएवढ्या जाडीची काचेची तार आली आहे. भिंतीवरची पांढरी पेटीही एकाच कारखान्याची आहे. तरीही एका घरात सेकंदाला तीस मेगाबिट मजकूर उतरतो, तर दुसऱ्या घरात शंभर. पहिल्या घरातील मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करीत असते. महिन्याच्या चोवीस तारखेस तिचा वेग एकाएकी इतका घसरतो की शिक्षकांचे चित्र जागच्या जागी गोठून राहते. तारेला कोणी हात लावलेला नसतो; खांब उभा असतो; पेटीवरचे हिरवे दिवेही नेहमीप्रमाणे लुकलुकत असतात. मग हा बदल केला कोणी, आणि कोठे बसून?

पुष्कळांची अशी समजूत असते की, अधिक पैसे भरणाऱ्याला जाड तार मिळते आणि कमी भरणाऱ्याला बारीक. नळाच्या बाबतीत ते खरे आहे. अर्धा इंची नळ आणि एक इंची नळ यांतून येणारे पाणी निराळे असणारच. काचेच्या तारेचे तसे नाही. घरोघर पोहोचणाऱ्या या तारांची जी पद्धत आपल्याकडे सर्रास वापरली जाते, तिच्यात केंद्रातून निघालेली एक तार वाटेत फोडून बत्तीस किंवा चौसष्ट घरांना दिलेली असते. त्या एका तारेतून घरांच्या दिशेने सेकंदाला सुमारे २,४८८ मेगाबिट आणि उलट दिशेने सुमारे १,२४४ मेगाबिट जाऊ शकतात. म्हणजे कोणत्याही एका घराच्या वाट्याला आलेला वेग तारेच्या अंगच्या सामर्थ्याच्या मानाने फारच थोडा असतो. तार सर्वांना सारखीच उदार आहे. आखडता हात दुसऱ्याच कोणाचा असतो.

तो हात ओळखण्यासाठी तारेचा मागोवा घेत गावाबाहेर पडावे लागेल. घरातील पेटीतून निघालेला मजकूर प्रथम दूरध्वनी केंद्रातील एका यंत्रापाशी पोहोचतो. परिसरातील तारा एकत्र करणारे हे यंत्र ‘ओएलटी’ या नावाने ओळखले जाते. तेथून तो मजकूर एखाद्या मोठ्या शहरातील दुसऱ्या यंत्राकडे जातो. त्याचे पूर्ण नाव ‘ब्रॉडबँड नेटवर्क गेटवे’. हजारो ग्राहकांची वाट या एका यंत्रातून जाते. जुन्या गावांना जशी वेस असे, आणि आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येक गाडीला तिच्यातूनच जावे लागे, तशीच ही वेस. म्हणून त्याला वेशीवरचे यंत्र म्हणू. कोणाला किती वेगाने जाऊ द्यावयाचे, कोणाचा मजकूर आधी सोडावयाचा, याचा अंमल मुख्यतः येथे होतो. उलट दिशेला, म्हणजे घरातून बाहेर जाणाऱ्या मजकुराला, वेळेचे वाटे घालून देण्याचे काम ओएलटी करते. कारण एका तारेवरची चौसष्ट घरे एकाच क्षणी बोलू लागली तर सारा गोंधळच व्हावयाचा.

वेशीवरचे यंत्र अंमल करते. निर्णय मात्र त्याचा नसतो. ग्राहकाची पेटी चालू झाली की ती प्रथम आपली ओळख सांगते. यासाठी १९९९ साली प्रसिद्ध झालेली एक पद्धत अजून अनेक ठिकाणी चालते. तिच्यात वापरकर्त्याचे नाव आणि परवलीचा शब्द पाठवावा लागतो. कोठे कोठे नाव विचारण्याऐवजी मजकूर ज्या तारेवरून आला त्या तारेचा क्रमांकच ओळख म्हणून धरला जातो. कोठे दोन्ही ताडून पाहतात, म्हणजे एकाचा परवलीचा शब्द दुसऱ्याने आपल्या घरी वापरला तर तो उघडकीस येतो. वेशीवरचे यंत्र ही ओळख जशीच्या तशी पुढे एका नोंदणी-यंत्राकडे धाडते आणि विचारते, ‘हा गृहस्थ आपला आहे काय? असल्यास त्याला कसे वागवावे?’

या प्रश्नोत्तरांची जी भाषा आहे तिला ‘रेडियस’ म्हणतात. तिचा जन्म १९९१ सालचा. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ‘मेरिट’ नावाची विद्यापीठांची एक जाळेसंस्था होती. दूरध्वनीवरून जोडून घेणाऱ्या लोकांची ओळख प्रत्येक केंद्रावर वेगळी ठेवण्याऐवजी एकाच ठिकाणी ठेवता यावी, अशी तिची गरज होती. लिव्हिंगस्टन एंटरप्रायझेस या कंपनीने त्या गरजेपोटी ही भाषा घडविली. २००० सालच्या जून महिन्यात तिचा जो मसुदा प्रसिद्ध झाला तोच आजही पायाभूत मानला जातो. मोडेमचा तो कर्कश आवाज केव्हाच विरून गेला. पण काचेच्या तारेवरील ग्राहकांची ओळखही मोडेमच्या काळात जन्मलेल्या ह्या भाषेतच पटवली जाते. यंत्रांच्या जगात सगळेच जुने मोडीत निघते असे नाही.

नोंदणी-यंत्राचे उत्तर होकाराचे असले तर त्या होकाराबरोबर आणखी काही बारीकसारीक गोष्टी येतात: ग्राहकाला कोणता पत्ता द्यावा, त्याचे सत्र किती वेळ चालू ठेवावे, आणि त्याला कोणती ‘प्रोफाइल’ लावावी. या साऱ्या व्यवहाराची किल्ली शेवटच्या गोष्टीत आहे. प्रोफाइल म्हणजे सेवेचा दर्जा ठरविणारी नियमावली: उतरण्याचा वेग किती, चढण्याचा किती, कोणत्या प्रकारच्या मजकुराला पुढे जाऊ द्यावे, कोणाला रांगेत थांबवावे. परंतु पुष्कळ ठिकाणी नोंदणी-यंत्राच्या उत्तरात ही नियमावली येत नाही. केवळ तिचे नाव येते. ‘या ग्राहकाला अमुक नावाची प्रोफाइल लावा’, एवढेच तो निरोप सांगतो. त्या नावाखाली कोणते नियम लिहिले आहेत ते वेशीवरच्या यंत्राने आपल्याजवळच्या वहीत पाहावयाचे.

या व्यवस्थेचा लाभ उघड आहे. एका नावाखालचा नियम बदलला की ते नाव लागलेल्या हजारो ग्राहकांचे काम एकदम होते. पण तिचा तोटाही ह्यातूनच निघतो. नोंदणीच्या यंत्रात एक नाव असेल आणि वेशीवरच्या यंत्राच्या वहीत ते नावच नसेल, किंवा त्यात एखादे अक्षर इकडचे तिकडे झालेले असेल, तर काय व्हावे? काही यंत्रे अशा ग्राहकाला दारातूनच परत पाठवतात. काही त्याला आत घेतात, पण मुकाट्याने एखादी सर्वसाधारण प्रोफाइल लावून मोकळी होतात. दुसरा प्रकार अधिक त्रासाचा. जोडणी चालू असते, बिलावर नवा आकार लागलेला असतो, आणि वेग मात्र जुनाच. ग्राहक तारवाल्याला बोलावतो; तो बिचारा तार तपासतो, प्रकाश मोजतो, पेटीही बदलून पाहतो. दोष त्याच्या हाताच्या टप्प्यात नसतोच. तो दूर कोठेतरी, दोन वह्यांतल्या एका शब्दाच्या फरकात असतो.

आता प्रोफाइलमध्ये वेगाला लगाम कसा घातला जातो ते पाहू. ‘सेकंदाला तीस मेगाबिट’ असे म्हटले, तरी तारेतून मजकूर कधी संथ वाहत नसतो; एकेक पुडके तारेच्या पूर्ण वेगानेच सुटते. तेव्हा वेग कमी करणे म्हणजे पुडक्यांना धीमे चालावयास लावणे नव्हे, तर त्यांच्यामध्ये अंतर पाडणे होय. यासाठी यंत्र एका काल्पनिक रांजणाचा उपयोग करते. त्या रांजणात ठरलेल्या गतीने बिल्ले पडत असतात. तीस मेगाबिटांच्या ग्राहकासाठी सेकंदाला तीन कोटी बिटांच्या मोलाचे. पुडके पुढे जावयाचे तर त्याने आपल्या आकाराएवढे बिल्ले रांजणातून उचलावयाचे. ग्राहक काही काळ स्वस्थ बसला तर रांजण काठोकाठ भरतो, आणि मग थोडा वेळ मजकूर भरधाव जाऊ शकतो. पण रांजणाला काठ आहे, काठावरून सांडलेले बिल्ले वायाच जातात. बिल्ले संपले की पुढच्या पुडक्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक, बिल्ले जमेपर्यंत रांगेत थांबणे. दुसरा, फेकले जाणे. फेकलेले पुडके कायमचे नष्ट होते असे मात्र नाही. पाठविणाऱ्या संगणकाला पोच मिळत नाही, तो ते पुन्हा पाठवितो आणि पुढची पुडकी जरा जपून सोडू लागतो. अशा रीतीने दोन्ही बाजूंची कुजबूज चालून वेग ठरलेल्या आकड्याच्या आसपास येऊन स्थिरावतो.

येथे एक लहानसा हिशेबही सांगून ठेवणे बरे. मेगाबिट म्हणजे मेगाबाइट नव्हे. आठ बिटांचा एक बाइट होतो. तीस मेगाबिटांचा वेग घेतलेल्या घरात सेकंदाला पावणेचार मेगाबाइटांहून अधिक काही उतरणे शक्य नाही. ‘तीस सांगितले आणि चारसुद्धा मिळत नाहीत’ अशा कित्येक तक्रारींचे मूळ या आठाच्या भागाकारात असते.

वेगाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे अग्रक्रम. प्रत्येक पुडक्याच्या माथ्यावर सहा बिटांची एक खूण करण्यास जागा ठेवलेली आहे. १९९८ साली ठरलेल्या या पद्धतीत चौसष्ट प्रकारच्या खुणा होऊ शकतात. बोलण्याच्या आवाजाला सामान्यतः ४६ या आकड्याची खूण देतात. ही खूण दिसली की वेशीवरचे यंत्र ते पुडके वेगळ्या, लहान रांगेत घालते आणि आधी सोडते. यामागे पक्षपात नाही, निकड आहे. पत्र अर्ध्या सेकंदाने उशिरा आले तर कोणाचे काही बिघडत नाही. बोलणे मात्र १५० मिलिसेकंदांपेक्षा फार मागे पडू लागले की दोघेही एकदम बोलतात आणि दोघेही एकदम थांबतात. कमलनगरची आई पुण्यातल्या मुलाशी बोलत असता जे ‘तू बोल, तू बोल’ चालते, ते पुष्कळदा अशा रांगेतल्या खोळंब्याचेच फळ असते.

आता त्या चोवीस तारखेकडे वळू. ग्राहक आत आला की वेशीवरचे यंत्र नोंदणी-यंत्राला ‘सत्र सुरू झाले’ असे कळविते, मधूनमधून ‘आतापर्यंत इतके बाइट गेले, इतके आले’ असा हिशेब देते, आणि शेवटी ‘सत्र संपले’ असे सांगते. हे मोजमाप ज्या खान्यात लिहिले जाते तो मुळात ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच मोजू शकतो. त्यापुढे तो पुन्हा शून्यावर येतो. १९९१ मध्ये घरगुती ग्राहक एका बैठकीत चार अब्ज बाइट खर्च करील असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पुढे हा खाना कितीदा उलटला ते मोजणारा दुसरा खाना जोडावा लागला. पण हे जाता जाता.

हिशेबात महिन्याचा ठरलेला साठा संपल्याचे दिसले की नोंदणी-यंत्राच्या बाजूने वेशीवरच्या यंत्राला आपण होऊन निरोप जातो: ‘या चालू सत्राची प्रोफाइल बदला.’ पूर्वी नोंदणी-यंत्र विचारल्याशिवाय बोलत नसे. आपणहून बोलण्याची ही मुभा त्याला २००३ साली मिळाली आणि २००८ साली तिला नीट रूप आले. निरोप पोहोचताच क्षणार्धात तिसाचा रांजण दोनाचा होतो. जोडणी तुटत नाही, दिवा विझत नाही. म्हणूनच घरातल्या मुलीला वाटते की यंत्र बिघडले. बिघडलेले काहीच नसते. नियम अक्षरशः पाळला गेलेला असतो.

साठा संपल्यावरचा वेग किती खाली आणावा हे पूर्वी ज्याच्या त्याच्या मर्जीवर असे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१६ साली निर्देश दिला की, तारेवरील ब्रॉडबँडचा वेग ५१२ किलोबिटांच्या खाली नेऊ नये, आणि साठ्याचा निम्मा, नव्वद टक्के व संपूर्ण भाग खर्च झाला की ग्राहकाला सूचना द्यावी. या आकड्याचा अर्थ काय होतो? दोन मेगाबाइटांचा परीक्षेचा अर्ज तीस मेगाबिटांनी अर्ध्या सेकंदात जातो; ५१२ किलोबिटांनी त्याला अर्धा मिनिट लागतो. हे सोसता येईल. शंभर मेगाबाइटांचा चित्रमय पाठ मात्र अर्ध्या मिनिटाऐवजी जवळजवळ अर्ध्या तासाचा, म्हणजे सुमारे सव्वीस मिनिटांचा धनी होतो, आणि प्रत्यक्ष चालू असलेला वर्ग तर हातचा निसटतोच. २०२३ च्या जानेवारीत सरकारने ब्रॉडबँड या शब्दाची व्याख्याच बदलून किमान दोन मेगाबिट अशी केली. तेव्हा ५१२ किलोबिटांवर आलेली जोडणी व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँड राहते की नाही, हा प्रश्न कोणी विचारला तर त्याला चूक म्हणता येणार नाही.

याहूनही महत्त्वाची एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. प्रोफाइलमध्ये लिहिलेला वेग ही कमाल मर्यादा असते, किमान हमी नसते. रांजणात बिल्ले भरपूर आहेत, पण पुढचा रस्ताच तुंबला आहे, असे घडू शकते. वर सांगितलेल्या चौसष्ट घरांनी प्रत्येकी शंभर मेगाबिट घेतले आहेत असे धरले तर बेरीज ६,४०० होते. तारेचे सामर्थ्य तर २,४८८. तरीही दिवसभर कोणाची तक्रार नसते, कारण सर्व घरे एकाच क्षणी पूर्ण वेग मागत नाहीत. दूरध्वनीच्या जमान्यात कोपनहेगनच्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ पासून जो विचार मांडला, त्याचा हा विस्तार आहे: शंभर ग्राहकांना शंभर तारा लागत नाहीत, किती लागतात ते संभाव्यतेच्या गणिताने काढता येते. प्रश्न असतो तो या गणितात कंजूषपणा किती करावयाचा याचा. नियामक प्राधिकरणाने २००९ साली घरगुती ग्राहकांसाठी एकास पन्नास आणि व्यावसायिकांसाठी एकास तीस अशी वाटणीची मर्यादा सुचविली होती. त्याआधी २००६ च्या नियमांत गर्दीच्या वेळीही दुव्याचा वापर ऐंशी टक्क्यांच्या आत असावा, आणि तो नव्वद टक्क्यांवर गेला तर जाळे तुंबले असे समजावे, असे म्हटले होते. लहान गावांतून मोठ्या शहराकडे जाणारा दुवा हाच पुष्कळदा या साखळीतील अशक्त भाग असतो. ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्याची जी योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली आणि जी २०१५ नंतर भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली, तिच्यात प्रत्येक पंचायतीसाठी शंभर मेगाबिटांचे उद्दिष्ट धरले होते. तेव्हा तो आकडा मोठा वाटला. आज शहरातले एकच कुटुंब तेवढा वेग आपल्या दिवाणखान्यापुरता घेते.

बीदर शहराजवळ नौबाद येथे बहमनी काळातील जमिनीखालचा जलमार्ग, म्हणजे करेझ, आजही पाहावयास मिळतो. वरून दिसतात त्या केवळ ओळीने खोदलेल्या विहिरी. पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे खाली उतरल्याशिवाय उमगत नाही. प्रोफाइलचे खरे स्वरूप त्याहूनही झाकलेले आहे. ग्राहकाला बिलावर योजनेचे नाव दिसते; वेशीवरच्या वहीतले नाव त्याला कोणी दाखवीत नाही.

म्हणूनच यंत्राच्या हाती दिलेल्या ह्या भेदशक्तीला कोठे बांध घालावयाचा, हा केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न राहिला नाही. जे यंत्र पुडक्याच्या माथ्यावरची खूण पाहून आवाजाला वाट देते, त्याला एखाद्या धनाढ्य कंपनीच्या चित्रपटांना वाट देऊन इतरांचा मजकूर रांगेत कुजवणेही कठीण नाही. प्राधिकरणाने २०१६ च्या फेब्रुवारीत मजकूर पाहून निरनिराळे दर लावण्यास मनाई केली, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने मजकुरानुसार वेगात भेदभाव करू नये हे तत्त्व स्वीकारून ते परवान्यांच्या अटींत घातले. जाळ्याची वाजवी व्यवस्था आणि काही विशेष सेवा यांना त्यात सूट आहे. सारांशाने, किती पैसे भरले हे पाहून प्रोफाइल निराळी करता येते. काय वाचले हे पाहून करता येत नाही. सीमाभागातल्या माणसाला याचे मोल अधिक कळावे. दूरसंचाराच्या विभागणीत कमलनगरचा ग्राहक कर्नाटकात मोडतो, उदगीरचा महाराष्ट्रात. दोघांची नोंद निराळ्या वहीत असते. पण कमलनगरच्या घरात उदगीरचे मराठी वर्तमानपत्र उघडले काय, बंगळूरचे कानडी उघडले काय, किंवा हैदराबादचे उर्दू उघडले काय, रांजणातून बिल्ले सारखेच खर्च होतात. छापील वर्तमानपत्राचा गठ्ठा गाडीला उशीर झाला की स्थानकावर पडून राही. त्या उशिराला निदान भाषेचे कारण नसे, आणि या नियमाप्रमाणे इथेही नसावे.

राहता राहिली त्या घरातील मुलगी. वेग घसरल्यावर तिने काय करावे? प्रथम बिनतारी जोडणी सोडून पेटीला तारेने संगणक जोडावा आणि वेग मोजावा. भिंतीपलीकडच्या बिनतारी लहरींचा दोष मोठ्या जाळ्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. मोजणी सकाळी लवकर आणि रात्री नऊच्या सुमारास अशी दोनदा करावी. सकाळी पूर्ण आणि रात्री अपुरा असेल तर दुवा तुंबतो आहे. दोन्ही वेळा एकाच आकड्याशी काटा अडत असेल, मग तो ५१२ किलोबिट असो, दोन मेगाबिट असो की जुन्या योजनेचा वेग असो, तर तो रांजणाचा आकडा आहे, तारेचा नव्हे. साठा संपला आहे काय ते पाहावे. साठा शिल्लक असूनही तसेच असेल तर पेटी बंद करून काही मिनिटांनी चालू करावी, म्हणजे नवे सत्र सुरू होऊन प्रोफाइल नव्याने विचारली जाईल. एवढ्यानेही भागले नाही तर तक्रार नोंदविताना ‘इंटरनेट चालत नाही’ असे लिहू नये. ‘माझ्या खात्याला चालू सत्रात कोणती प्रोफाइल लागली आहे, आणि तिच्यात उतरण्याचा व चढण्याचा वेग किती लिहिला आहे, ते पाहून कळवावे’, असे लिहावे, आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. हा प्रश्न तारवाल्याकडे जात नाही. तो जेथे वही आहे तेथे जातो.